गड्डा यात्रेत हलते रंग कसे टिपायचे आणि दूरसाठी फ्लॅश कसा निवडायचा

सोलापुरात गड्डा यात्रेची, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेची, संक्रांत झाली की आठवडाभरात दोन-तीन जण तरी कॅमेरा घेऊन माझ्याकडे येतात. तक्रारी ठरलेल्या असतात. होम मैदानावरचा पाळणा नुसता पांढरा गोळा होऊन आला. नाहीतर मिरवणुकीच्या फोटोत पुढच्या माणसांची डोकी चुना फासल्यासारखी पांढरी, आणि ज्याच्यासाठी तीन तास उभे राहिलो तो नंदीध्वज, म्हणजे मानाची उंच काठी, मागे अंधारात. मग पुढचा प्रश्न येतो, "मोठा फ्लॅश घेऊ का?"

बहुतेकांना मोठा फ्लॅश लागत नाही. कामाचा क्रम चुकलेला असतो. आधी फ्लॅश घेतात, मग जागा शोधतात, आणि अंतराचा विचार गर्दीत उभे राहिल्यावर सुरू होतो. हा क्रम उलटा करायचा. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत, मधली एखादी गाळू नका.

१. आधी वाटणी करा: कशाला शटर, कशाला फ्लॅश

जत्रेत तीन प्रकारचे विषय मिळतात.

जे स्वतः उजळलेलं आहे ते पहिलं. दिव्यांचे पाळणे, रोषणाई, शोभेचं दारूकाम. इथे फ्लॅशचा काही उपयोग नाही, तो बंद ठेवायचा. चित्र शटर किती वेळ उघडं राहतं त्यावर बनतं.

जे जवळ आहे, अर्धवट उजेडात आहे आणि हलतंय ते दुसरं. लेझीम, हलगीवाले, फुगेवाला. इथे संथ शटर आणि थोडा फ्लॅश दोन्ही लागतात.

दूर अंधारात असलेलं ते तिसरं, म्हणजे रात्रीच्या मिरवणुकीतले मानकरी आणि नंदीध्वज. फ्लॅशची खरी परीक्षा इथे होते.

वहीत तीन ओळी लिहा: कुठल्या दिवशी, कुठल्या जागी, यातला कुठला प्रकार. सगळं एका रात्रीत उरकायचं ठरवलंत तर प्रत्येक वेळी सेटिंग बदलताना हुकाल.

आणखी एक. संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वरांचा प्रतीकात्मक विवाह, दुपारच्या उन्हात होतो. तिथे दूरच्या फ्लॅशचा विचार सोडून द्या. कडक उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) १०० आणि शटर १/२०० ला अॅपर्चर (लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) एफ ११ च्या आसपास लागतं. वीस मीटरवर उन्हाच्या तोडीचा उजेड पाडायला २२० गाइड नंबर (फ्लॅशचा पल्ला सांगणारा आकडा, हिशोब पायरी ३ मध्ये) हवा, नुसत्या सावल्या थोड्या उघडायच्या म्हटलं तरी ११०. कॅमेऱ्यावर बसणारा चांगल्यातला चांगला फ्लॅश ६० च्या घरात असतो. आयएसओ वाढवला तर ऊनही तेवढंच वाढतं, त्यामुळे तोही उपाय नाही. अक्षतेला ऊन पाठीशी येईल अशी जागा धरा आणि फ्लॅश पिशवीत ठेवा.

२. दिवसा जा आणि अंतर मोजा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. मिरवणुकीच्या आदल्या दिवशी तुमच्या जागेवर उभे राहा आणि नंदीध्वज जिथून जाणार तिथपर्यंत पावलं मोजत चाला. माझं एक पाऊल पाऊण मीटरच्या आसपास पडतं. तुमचं किती पडतं ते घरी टेप लावून एकदा बघून ठेवा. रस्ता ओलांडता येत नसेल तर मोबाईलच्या नकाशात अंतर मोजायची सोय असते.

तीन आकडे लिहून घ्या: सर्वात जवळून किती मीटर, समोरून किती, आणि फोटो काढण्यासारखं सर्वात लांब कुठपर्यंत. वर बघायलाही विसरू नका. नंदीध्वज उंच असतो, त्याचं टोक चौकटीत घ्यायचं तर तारा आणि फलक कुठे आडवे येतात ते दिवसाच दिसतं.

तपासणी: तुमच्यापुढे माणसांची किती रांग असेल? समोर दोन मीटरवर डोकी आणि विषय सोळा मीटरवर असेल तर त्या डोक्यांवर विषयाच्या चौसष्टपट उजेड पडतो. अंतर आठपट झालं की उजेड आठ गुणिले आठने घटतो. हा फरक कुठल्याही फ्लॅशने भरून निघत नाही, उपाय फक्त उंचीचा. ओटा, पायरी, ओळखीच्यांची गच्ची. ज्या घरच्या गच्चीवर जायचं त्यांना आधी विचारून ठेवा, ऐनवेळी दार वाजवू नका.

३. गाइड नंबरचा हिशोब कागदावर करा

गाइड नंबर म्हणजे फ्लॅशचा पल्ला सांगणारा आकडा. अंतर मीटरमध्ये घ्या, अॅपर्चरच्या आकड्याने गुणा, आयएसओ १०० ला तेवढा गाइड नंबर लागतो. आयएसओ चौपट केला की गरज निम्मी होते. ४०० ला निम्मी, १६०० ला पाव.

एक उदाहरण पूर्ण सोडवू. अंतर वीस मीटर. तुमच्याकडे कॅमेऱ्यासोबत येणारी साधी झूम लेन्स आहे, ती पूर्ण लांबवल्यावर एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. वीस गुणिले ५.६ म्हणजे ११२. आयएसओ १६०० ठेवला तर पाव, म्हणजे २८. कागदावर २८ गाइड नंबरचा फ्लॅश पुरला.

पण हा आकडा फ्लॅशची पूर्ण ताकद वापरून आलेला आहे. पूर्ण ताकदीने मारलेला फ्लॅश पुन्हा भरायला दोन-तीन सेकंद घेतो, सेल थकले की त्याहून जास्त. तेवढ्यात काठी पुढे निघून जाते. शिवाय हे आकडे अनुकूल परिस्थितीतले असतात. मोकळ्या मैदानावर उजेड परतवायला भिंत नाही, छत नाही, म्हणून मी नेहमी एक स्टॉप सोडून देतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), आणि अर्ध्या ताकदीवर काम भागावं म्हणून आणखी एक. दोन स्टॉप म्हणजे निघालेल्या आकड्याच्या दुप्पट गाइड नंबर घ्यायचा. २८ निघाला तर ५६ ते ६०.

सावधान: कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या छोट्या फ्लॅशचा गाइड नंबर साधारण १० च्या आसपास असतो. आयएसओ १६०० आणि एफ ५.६ ला तो जेमतेम सात मीटर जातो. मोबाईलचा दिवा तर दोन-तीन मीटरचा. वीस मीटरवर यातलं काहीही चमकवलं तर फक्त पुढच्या माणसाला त्रास होतो.

४. दुकानात फ्लॅश बघताना

आता आकडा हातात आहे, म्हणून दुकानदाराला नेमकं विचारता येतं. वर्षातून चार दिवसच लागणार असेल तर भाड्याने घ्या, पण जत्रेच्या आठवड्यात मिळत नाही, आधीच सांगून ठेवा.

खोक्यावरचा गाइड नंबर कुठल्या झूमला मोजलाय ते आधी बघा. "६०" लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात "२०० मिमीला". त्याच फ्लॅशचं डोकं, म्हणजे उजेड फेकणारा पुढचा भाग, ३५ मिमीवर आणलं की आकडा ३५-४० च्या आसपास उतरतो. एकाचा आकडा १०५ ला मोजलेला आणि दुसऱ्याचा २०० ला असेल तर त्यांची तुलना होत नाही. काही ठिकाणी फुटांतला आकडा छापतात, तो मीटरच्या सव्वातीनपट असतो आणि उगाच मोठा वाटतो.

डोकं किमान १०५, शक्यतो २०० मिमीपर्यंत झूम होतंय का ते बघा. दूरच्या कामात सगळी मदार यावर आहे. उजेड पसरण्याऐवजी एका पट्ट्यात जातो.

ताकद हाताने कमी-जास्त करता येते का बघा. पूर्ण, अर्धी, पाव अशी निदान १/६४ पर्यंत हवी. नुसता ऑटोवर चालणारा घेऊ नका.

बूट, म्हणजे फ्लॅशचा कॅमेऱ्यात सरकणारा खालचा भाग, तुमच्या कॅमेऱ्याला बसतो का ते स्वतःचा कॅमेरा नेऊन बघा. कंपनीगणिक संपर्काच्या टिकल्यांची रचना वेगळी असते. वरवर बसलेला वाटतो, उडतोही, पण ऑटो चालत नाही.

मग दुकानातच पूर्ण ताकदीवर लागोपाठ दहा वेळा मारून बघा. शेवटच्या दोन वेळी किती थांबावं लागलं ते मोजा. दुकानदार कुरकुरला तरी चालेल.

एकाने मला विचारलं, छोटे दोन घेतले तर पल्ला दुप्पट होईल ना? नाही. सारखे दोन लावले तर पल्ला १.४ पट होतो, दुप्पट करायला चार लागतात. त्यापेक्षा आयएसओ दोन स्टॉप वाढवणं फुकट आहे.

सावधान: फ्लॅशसोबत मिळणारी दुधी प्लास्टिकची टोपी मिरवणुकीत लावू नका. मी पहिल्या वर्षी लावली होती. उजेड मऊ येतो असं ऐकलं होतं. मऊपणा दोन-तीन मीटरच्या खोलीत मिळतो. मोकळ्यावर ती उजेड चारही बाजूंना उधळते आणि एक-दोन स्टॉप खाऊन टाकते. त्या रात्रीचा एकही दूरचा फोटो वापरण्यासारखा नव्हता.

५. आदल्या रात्री घरी

चार्जिंगचे सेल दोन संच भरून ठेवा. रिमोट-घड्याळाचे साधे सेल यात टाकू नका, ते फ्लॅश भरायला जास्त वेळ घेतात. दोन संच वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, वापरलेले आणि भरलेले एकत्र झाले की अंधारात ओळखू येत नाहीत.

व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवरून काढा. पाळण्याचे दिवे क्षणाक्षणाला रंग बदलतात आणि ऑटो त्यांच्या मागे धावतो. ४००० केल्विनच्या आसपास स्थिर ठेवा. रस्त्यावर पिवळे दिवे असतील तर फ्लॅशच्या तोंडाला फिकट नारिंगी जिलेटिनचा तुकडा लावा, नाहीतर माणूस निळसर आणि मागचा रस्ता पिवळा दिसतो. थोडी ताकद त्यात जाते, ती हिशोबात धरा.

सायलेंट शटर बंद करा. बहुतेक कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटरवर फ्लॅश उडतच नाही, आणि एलईडीच्या उजेडात फोटोवर आडवे पट्टे येतात. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा.

तपासणी: खोली अंधारी करून कॅमेऱ्याची सगळी बटणं न बघता सापडतात का? आयएसओ, शटर, फ्लॅशची ताकद. या तिन्हींसाठी खिशातला टॉर्च काढावा लागत असेल तर अजून अर्धा तास बसा.

६. पाळणा: रंग रेघांत उतरवणे

ट्रायपॉड हवाच. जागा अशी निवडा की गर्दीचा लोंढा तुमच्या मागून जाईल. मैदानाच्या कडेला, तंबूच्या दोरीपासून दूर. ट्रायपॉड मातीत थोडा दाबून बसवा. लेन्सवरची हात हलण्याची दुरुस्ती बंद करा.

आता घड्याळ बघा. पाळणा वेगात आल्यावर एका रंगाची खुर्ची डोळ्यांनी धरून एक फेरी किती सेकंदांची ते मोजा. समजा १२ सेकंद. परिघावर सारख्या अंतराने २४ दिवे आहेत. म्हणजे अर्ध्या सेकंदात प्रत्येक दिवा पुढच्याच्या जागी पोचतो, आणि पूर्ण वर्तुळ अर्ध्या सेकंदातच जुळून येतं. बरेच जण वर्तुळ पूर्ण व्हावं म्हणून पूर्ण फेरीभर शटर उघडं ठेवतात, चोवीस दिवे एकावर एक त्याच रेघेवरून जातात, आणि लाल-हिरवं सगळं पांढरं होतं. पांढरा गोळा येतो तो असा.

क्रम असा ठेवा. आयएसओ १००, एफ ११, शटर अर्धा सेकंद. एक फोटो काढा. मोठा करून लाल रेघ बघा. लाल ऐवजी पिवळट किंवा गुलाबी-पांढरी दिसली तर लाल रंग जळलाय. शटरला हात न लावता अॅपर्चर एफ १६ करा. हलत्या दिव्याच्या रेघेची लांबी शटर ठरवतं, तिचा उजळपणा अॅपर्चर आणि आयएसओ ठरवतात. हे एकदा हाताला बसलं की जत्रेतलं निम्मं काम सोपं होतं. रंग ठीक आले की मग एक, दोन, चार सेकंद करून बघा. एकामागून एक दिवे त्याच जागेवरून जाऊ लागले की उजेड साठतो, तेव्हा अॅपर्चर आणखी बंद करावं लागेल.

रेघेऐवजी तुटक ठिपक्यांची माळ आली तर कॅमेरा दुरुस्तीला नेऊ नका. एलईडी डोळ्यांना सलग पेटलेला वाटतो, पण पुष्कळदा तो सेकंदाला शंभर वेळा मिणमिणत असतो. मला स्वतःला ती ठिपक्यांची नक्षी आवडते. नको असेल तर साध्या बल्बचा पाळणा शोधा, एखादा जुना मिळतो.

संध्याकाळी दिवे लागल्यावर आकाशात थोडा निळा उजेड शिल्लक असतो, ती पंचवीस-तीस मिनिटं सर्वात चांगली. नंतर पाळण्याचा लोखंडी सांगाडा काळ्यात बुडतो आणि नुसत्या रेघा अधांतरी दिसतात. म्हणून पाळणे आधी, बाकीचं नंतर.

७. लेझीम: जवळची हालचाल

हे जत्रेत पहिल्यांदा करू नका. आठवडाभर आधी संध्याकाळी सात रस्त्याला थांबून धावत्या रिक्षांवर सराव करा. शटर १/३०, कॅमेरा डोळ्याला लावून रिक्षेसोबत कंबरेतून वळायचं, बटण दाबल्यावरही वळत राहायचं. बहुतेक जण बटण दाबताच थबकतात. वीसात चार रिक्षांची नंबरप्लेट वाचता आली की पुढे जा.

लेझमीला शटर १/१५ ते १/३०. आधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा, तो थोडा काळसर यायला हवा, साधारण एक स्टॉप. मग कॅमेऱ्यात 'रिअर कर्टन' निवडा, म्हणजे फ्लॅश शटर मिटायच्या क्षणी उडतो. लेझमीच्या चकत्यांची चमक मागे ओढल्यासारखी येते आणि चेहरा तिच्या पुढे स्वच्छ बसतो. उलट ठेवलंत तर रेघ चेहऱ्याच्या पुढून जाते आणि मुलगा मागे सरकतोय असं वाटतं. फ्लॅश १/८ किंवा १/१६ वर पुरतो, अंतर तीन मीटरचंच असतं. कमी ताकदीचा फ्लॅश फार थोडा वेळ पेटतो, त्यामुळे हात जागच्या जागी थिजतो.

८. रात्रीची मिरवणूक: दूरचा फ्लॅश

इथे घाई होते, म्हणून सगळं आधी लावून ठेवायचं.

ऑटो बंद, ताकद हाताने. कारण बाराबंदी. मानकऱ्यांचा पोशाख पांढराशुभ्र असतो आणि मागे काळी रात्र. ऑटो फ्लॅश एवढा अंधार बघून जोर वाढवतो आणि पांढऱ्या कापडावरची एकूण एक घडी जळून जाते.

शटर १/१२५, एफ ५.६, आयएसओ १६००, फ्लॅशचं डोकं २०० मिमीवर. ६० गाइड नंबरचा फ्लॅश असेल तर एक स्टॉप सोडून वीस मीटरला अर्धी ताकद. तिथून पुढे पाठच करा: १४ मीटरला पाव, १० ला १/८, ७ ला १/१६, ५ ला १/३२. विषय जवळ येईल तसं फक्त फ्लॅशचं बटण एकेक खाली आणायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही.

मिरवणूक यायच्या आत सोबतच्याला पांढरा शर्ट घालून ठरल्या जागी उभा करा आणि एक फोटो काढा. शर्टाची बटणपट्टी दिसते का? दिसत नसेल तर एक पायरी खाली. हा एक फोटो रात्र वाचवतो.

पुढची डोकी जळू नयेत म्हणून फ्लॅशचं तोंड थोडं वर करा, उजेडाच्या पट्ट्याची फक्त खालची कड विषयाच्या कंबरेला लागेल इतकं. खालच्या बाजूला काळ्या पुठ्ठ्याची पट्टी रबराने अडकवली की आणखी बरं.

धूळ हा होम मैदानाचा कायमचा प्रश्न. हजारो पावलांनी उडालेली माती हवेत तरंगते आणि लेन्सच्या डोक्यावरून मारलेला फ्लॅश प्रत्येक कण उजळून परत आणतो. फोटोवर साबुदाणा सांडल्यासारखे ठिपके येतात. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून ट्रिगरवर किंवा वायरवर घ्या आणि डाव्या हाताने, किंवा सोबतच्याच्या हातात काठीवर, बाजूला उंच धरा. लेन्सपासून हातभर लांब गेला तरी ठिपके बरेच कमी होतात.

सावधान: शटर १/२०० किंवा १/२५० च्या वर नेऊ नका. त्यावर फोटोची एक बाजू काळी येते, किंवा फ्लॅश हाय-स्पीडमध्ये जाऊन निम्म्याहून जास्त ताकद घालवतो. रात्री त्याची गरजही नाही, हालचाल फ्लॅशच थांबवतो.

आणि हे मनापासून सांगतो. नंदीध्वज पेलणारा माणूस कमरेच्या पट्ट्यावर सगळा भार घेऊन, मान वर करून, टोकाकडे बघत तोल सांभाळत असतो. त्याच्या नजरेच्या रेषेत समोरून फ्लॅश मारू नका. बाजूने मारा, काठी स्थिर असताना मारा, आणि एकदा मारून थांबा. लागोपाठ पंधरा वेळा उडवायचा नाही. फ्लॅशही तापून बंद पडतो. माझा असाच पडला होता आणि थंड होईपर्यंत मिरवणूक विजापूर वेशीच्या पुढे गेली होती. तेव्हापासून पूर्ण ताकदीवर दहा-बारा वेळा मारला की मी दोन मिनिटं हात आवरतो.

९. दारूकाम

थोडक्यात सांगतो, हे सोपं आहे. फ्लॅश बंद. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ११, फोकस दूरच्या दिव्यावर धरून हाताने कुलूपबंद करायचा. शटर बल्बवर (बटण दाबून धराल तोवर उघडं राहतं), बाण वर निघताना उघडा, फूल विझल्यावर मिटवा. वायरचं बटण वापरा. धुराच्या विरुद्ध बाजूला उभे राहा, म्हणजे वारा तुमच्या पाठीकडून हवा. पहिल्या पाच मिनिटांत आकाश सर्वात स्वच्छ असतं, तेव्हा स्क्रीन बघत बसू नका.

१०. घरी आल्यावर

आधी धूळ. लेन्स उघडायच्या आत कॅमेरा बाहेरून ब्रशने झाडा, फ्लॅशचा बूट आणि सेलचं झाकण कोरड्या फडक्याने पुसा. ओलं फडकं नको, माती आत जाते. सेल फ्लॅशमध्ये ठेवून कपाट बंद करू नका, वर्षभराने झाकण उघडेल तेव्हा आत हिरवं झालेलं असेल.

फोटो मोठ्या पडद्यावर टाकून तुमच्या वहीतले तीन आकडे समोर ठेवा. वीस मीटरचे फोटो काळसर आले असतील तर किती स्टॉप कमी पडलं ते त्याच पानावर लिहा. माझ्या वहीत ५८ गाइड नंबरच्या फ्लॅशपुढे "मैदानावर ४०" असं लिहिलेलं आहे, आणि आता मी हिशोब चाळीसनेच करतो.